सिल्लोडच्या फाइलीतली जास्तीची ओळ

वेरूळ पाहिलं नाही. हे आधीच कबूल करून टाकते, कारण परत आल्यापासून चिपळुणात जो भेटतो तो हेच विचारतो. संभाजीनगरला चार दिवस राहिलीस आणि लेणी पाहिली नाहीस? मग केलंस काय तिथे? मी सांगते, एका फाइलीची ओळख पटवायला गेले होते. त्यावर समोरच्याचा चेहरा असा काही होतो की तेवढ्यासाठी मी हा प्रवास पुन्हा करायला तयार आहे.

पण तुम्ही निवांत बसला आहात, तर नीट सांगते.

मी दिवसभर एका आंबा कारखान्यातले संगणक सांभाळते. उरलेल्या वेळात आम्ही चौघं मित्रमैत्रिणी मराठी सॉफ्टवेअरचं एक छोटंसं भांडार चालवतो. कोणी शाळेच्या हजेरीसाठी प्रोग्राम लिहितो, कोणी वाचनालयासाठी. तो आमच्याकडे पाठवला की आम्ही तो भांडारात ठेवतो आणि कोणीही तो फुकट उतरवून घेतो. आम्ही चौघं या भांडाराचे राखणदार. आमचं खरं काम एकच: बाहेर जाणारी वस्तू लिहिणाऱ्यानं दिली तशीच आहे ना, मध्ये कोणी हात मारला नाही ना, हे बघणं.

ते कसं बघतात? प्रत्येक फाइलीचा एक ठसा निघतो. चौसष्ट अंक-अक्षरांची ओळ असते ती. फाइलीत एक स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे झाला तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. आमच्याकडे ओळखीच्या ठशांची यादी असते. शिवाय प्रत्येक लेखकाकडे स्वतःची एक गुप्त किल्ली असते. तिनं मोहोर उठवल्याशिवाय त्याचं काहीच भांडारात येत नाही. ती किल्ली चोराच्या हाती लागली तर चोर लेखकाच्या नावानं वाटेल ते खपवू शकतो. म्हणून आमचा एक नियम आहे, जो मीच एकदा फार नाट्यमय होऊन मांडला होता: किल्लीबद्दल शंका आली की फोन नाही, पत्र नाही, माणसाला समोर जाऊन भेटायचं. नियम करताना टाळ्या मिळाल्या होत्या. तो पाळायला मलाच एप्रिलच्या उन्हात मराठवाड्यात जावं लागेल हे तेव्हा सुचलं नव्हतं.

शंका आली ती माधवरावांच्या ‘पाणवाट’बद्दल. माधवराव उस्मानपुऱ्यात राहतात, निवृत्त आहेत, आणि टँकरच्या फेऱ्या लावण्याचा हा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला आहे. कुठल्या विहिरीवर भरायचं, कुठल्या गावाला किती फेऱ्या, कुणाची पाळी चुकली, हे सगळं तो बघतो. सिल्लोडला काही शिक्षक आणि मक्याचे व्यापारी मिळून एक टँकर मंडळ चालवतात. त्यांचं सगळं वेळापत्रक यावरच. तर एके दिवशी त्या मंडळाच्या संगणकावरच्या ‘पाणवाट’चा ठसा आमच्या यादीशी जुळेनासा झाला. आमच्याकडे लाल अक्षरांत निरोप आला: अनोळखी प्रत. आणि त्याच आठवड्यात माधवरावांनी नवी आवृत्ती पाठवली, लगेच प्रसिद्ध करा म्हणून.

एकीकडे अनोळखी प्रत, दुसरीकडे घाई. आमच्या धंद्यात या दोन गोष्टी एकत्र आल्या की आधी दार लावून घेतात. आम्ही नवी आवृत्ती अडवून ठेवली आणि मी बॅग भरली.

प्रवासाबद्दल एवढंच, की गाडी पोचली.

उस्मानपुरा

स्थानकावर उतरले तेव्हा तिकिटावर शहराचं नवं नाव होतं आणि रिक्षावाल्याच्या तोंडी जुनं. दोन्ही नावांच्या शहरांत ऊन मात्र एकच होतं. रस्त्यानं जाताना उंचच उंच नव्या इमारतींच्या जाहिराती दिसत होत्या. एकीवर निळ्याशार पोहण्याच्या तलावात एक कुटुंब डुंबत होतं, आणि बरोबर त्या फलकाखाली सावली बघून एक टँकर उभा होता. चालक टाकीला टेकून झोपला होता. मी रिक्षावाल्याला म्हटलं, “काय हो, तलाव भरायला आलाय वाटतं?” तो मागे न बघता म्हणाला, “मॅडम, आमच्या गल्लीत नळ येऊन आठ दिस झाले. तुम्ही तलावाचं काय घेऊन बसलात.”

माधवराव दारातच उभे होते. सडपातळ, पांढराशुभ्र सदरा, आणि चेहरा निकालाच्या दिवशीच्या विद्यार्थ्यासारखा. त्यांच्या वडिलांच्या वडिलांपर्यंत घराण्यात वेदपाठ होता, मग वडील कारकून, मग हे संगणकवाले. “या शुभदाताई,” म्हणाले आणि पाण्याचा पेला पुढे करतानाच विचारलं, “किल्ली काढून घ्यायला आलात ना?”

“आधी बसू तर द्या,” मी म्हटलं.

आत त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, हसल्या. “आठ दिवसांपासून हेच चाललंय यांचं. झोप नाही, जेवण नाही. म्हणायलेत, माझ्या नावानं कोणी भलतं काही केलं असंल तर तोंड कुठं दाखवू.”

किल्ली कुठे ठेवता, हा माझा पहिला प्रश्न. माधवराव मला देवघरात घेऊन गेले. शाळिग्रामाच्या मागे चंदनाची डबी आणि डबीत एक पेन ड्राइव्ह, कापसाच्या वस्त्रात गुंडाळलेला. मी हसू आवरत होते. पण विचार करा, त्या घरात आंघोळीशिवाय कोणी हात लावत नाही अशी ती एकच जागा. मोठमोठ्या कंपन्यांना असा पहारा परवडणार नाही. सोवळ्यात तिला हात लावणार फक्त माधवराव, आणि ती किल्ली घराबाहेर जात नाही, असा त्यांचा स्वतःचा नियम.

त्यांनी पाठवलेली नवी आवृत्ती आणि त्यांच्या संगणकावरची, दोन्हींचे ठसे मी शेजारी ठेवून पाहिले. अक्षर न् अक्षर तेच. म्हणजे ती त्यांनीच पाठवली होती. माझी अर्धी शंका फिटली. उरलेली अर्धी सिल्लोडला होती.

“पण एवढी घाई कशाची होती?” मी विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. जुन्या ‘पाणवाट’मध्ये फक्त गावांची नावं घालता येत होती, ज्यांना सरकारी क्रमांक आहे अशी. पण सिल्लोडच्या रस्त्यावर दोन गावांच्या मधोमध मेंढपाळांची एक वस्ती आहे. पंचवीसेक घरं. तिला क्रमांक नाही, म्हणून यादीत नाव नाही. या गावचा माणूस म्हणतो ती वस्ती त्यांची, त्या गावचा म्हणतो ह्यांची. टँकर दोन्ही गावांत येतो आणि वस्तीवरून धूळ उडवत जातो. नव्या आवृत्तीत वस्त्यांना जागा होती.

“तुम्ही ती अडवली आहे,” माधवराव शांतपणे म्हणाले. “रागानं नाही म्हणत. नियमच आहे. मीही तेच केलं असतं. पण माणसं तिथं थांबलेली आहेत, एवढं लक्षात असू द्या.”

आता गोष्ट सरळ झाली. सिल्लोडची प्रत कुणी वाईट हेतूनं बदलली असेल, तर मला ‘पाणवाट’ पूर्ण मागे घ्यावं लागणार, माधवरावांची किल्ली रद्द करावी लागणार, आणि वस्तीला पावसाळ्यापर्यंत यादीत जागा नाही. इथल्या पावसाळ्यावर मी पैज लावणार नाही.

जेवायचं काय, तर माझा हट्ट होता नान-खलिया. आम्ही कोकणातली माणसं, मासे सोडले तर जगात दुसरं मांस असतं यावर आमचा फारसा विश्वास नाही. तो अविश्वास मोडून घ्यायची इच्छा होती. माधवराव शुद्ध शाकाहारी, पण पाहुणी एकटी कशी सोडायची? ते मला हॉटेलात घेऊन गेले आणि शेजारच्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून चहा घेत बसले. मऊ, पिवळसर, हातभर रुंद नान आणि त्यावर मटणाचा लालबुंद रस्सा. पहिल्याच घासाला मी “आईऽ गं!” म्हणाले. भिंतीकडून आवाज आला, “तिखट लागलं का?”

“नाही, सुख झालं.”

“मग सावकाश होऊ द्या,” भिंत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातून गुन्हा घडला. सुमनवहिनींनी बाथरूममध्ये एक बादली भरून ठेवली होती. बादलीखाली एक मोठा प्लास्टिकचा टब. मला वाटलं, टब म्हणजे कपडे भिजवायचा. मी तो बाजूला सरकवला आणि चिपळूणच्या सवयीनं केस धुतले. बादली संपली, पाणी मोरीतून गेलं, आणि मी गात गात बाहेर आले. वहिनी आत डोकावल्या, कोरडा टब बघितला आणि तो उचलून जागच्या जागी ठेवला.

मग कळलं, की त्या टबात उभं राहून आंघोळ करायची असते. ते पाणी फरशीला, फरशीचं पाणी जास्वंदीला. मी सकाळी सकाळी जास्वंदीच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. आमच्याकडे जूनपासून पाणी इतकं येतं की ते घराबाहेर कसं काढायचं याचीच चिंता. मी माफी मागितली तेव्हा वहिनी म्हणाल्या, “अहो असू द्या. कोकणातली माणसं आली की आमचं झाड एक दिवस उपास करतं. त्याला सवय आहे.”

चौक्याचा घाट आणि पुढे

माधवरावांच्या जुन्या गाडीतून आम्ही जळगाव रस्त्याला लागलो. शहर मागे हटायलाच तयार नव्हतं. जिथे शहर संपलं असं वाटावं तिथे प्लॉटचे दगड पांढरे रंगवून रोवलेले. घाट चढला तसे काळे उघडे डोंगर दिसायला लागले. एकही हिरवं पान नाही, आणि तरी मी बघतच राहिले. आमचे डोंगर झाडीनं झाकलेले असतात, त्यांची हाडं कधी दिसत नाहीत. हे डोंगर सगळं उघड करून बसले होते.

फुलंब्री सोडल्यावर काही वेळानं माधवरावांनी गाडी थांबवली. “ही ती वस्ती. आधी बघून घ्या.”

रस्त्यालगत एका शेतकऱ्यानं मेहेरबानी करून विहिरीवरचं दगडी टाकं भरून ठेवलं होतं. त्यावर एकाच वेळी मेंढ्यांचे दोन कळप आले होते आणि मिसळून एक झाले होते. धूळ, बें-बें, आरडाओरडा. एकाच रंगाच्या, एकाच तोंडाच्या दोनेकशे मेंढ्या. मला वाटलं आता भांडण, संध्याकाळपर्यंत तरी.

मधोमध एक बाई उभी होती, गोदाबाई. माधवरावांनीच नाव सांगितलं. वस्तीच्या वतीनं मंडळात तीच खेटे घालत होती. हिरवं लुगडं, हातात काठी, आणि आवाज असा की घाटाखाली ऐकू जावा. ती एक विशिष्ट हाक घालायची आणि गर्दीतून एकेक मेंढी बाहेर यायची. जी रेंगाळली तिचा कान धरून ती ओढून काढायची. दुसऱ्या कळपाकडे ती बघतही नव्हती.

“दुसऱ्याच्या कोणत्या हे कसं कळतं हो तुम्हाला?” मी विचारलं.

“मला कशापायी कळाया पायजे?” ती म्हणाली. “मी माजी वळखिते. माजी काढून घेतली की राहिली ती त्येची. लई सोपं हाय.”

मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. अहो, आम्हीही हेच करतो! हजार फाइलींत परकी फाइल शोधत बसत नाही. आपल्या ओळखीच्या एकेक करून बाजूला काढतो आणि उरेल तिच्याकडे बघतो. मी माधवरावांना कोपर मारलं, तर ते म्हणाले, “मलाही पहिल्यांदा असंच झालं होतं. पण जरा थांबा.”

कारण दोन्ही कळप वेगळे झाले आणि टाक्यापाशी एक मेंढी उरली. गोदाबाईची नाही, दुसऱ्या कळपाच्या धन्याचीही नाही. तो धनी काठी उगारून तिला हाकलायला निघाला, तशी गोदाबाई कडाडली, “ये ये! हाकलू नको तिला. कुनाची हाय ते इचारू दे की आदी. चुकून आली आसंल, उपाशी आसंल. तुजी नाय म्हून ती चोराची व्हते व्हय रं?”

धन्यानं काठी खाली घेतली. मेंढी टाक्यावर पाणी पीत राहिली.

मग गोदाबाईनं माझ्याकडे मोर्चा वळवला. “ह्याच का त्या चिपळूनच्या ताय? ज्यांनी आमचं नाव आडवून ठिवलंय?”

माधवराव गडबडले. मी म्हटलं, “होय, मीच.”

“काऊन?”

काय सांगणार? ठसा, किल्ली, मोहोर? मी म्हटलं, “तुमच्या यादीच्या मशीनमध्ये कोणीतरी हात घातलाय असा संशय आहे. कोणी घातला ते बघितल्याशिवाय नवी यादी घातली तर तुमचं नाव आज लागेल आणि परवा कोणीतरी गुपचूप काढून टाकेल.”

तिनं थोडा विचार केला. “मंग बघा नीट,” म्हणाली. “पन लवकर बघा. दोन कोसावरून हंडा आनायचा म्हंजी डोक्याचं चामडं निघतं. तुमच्या मशीनला डोकं नाय, त्येला काय कळतंय.”

सिल्लोड

टँकर मंडळाची खोली म्हणजे मक्याच्या आडतीच्या मागची एक जागा. पोत्यांचा कोरडा गोड वास, एक संगणक, एक कूलर, त्यावर ‘पाणी घालायला मनाई’ अशी चिठ्ठी, आणि संगणकासमोर सलीमभाई. पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, पायाखाली चटई. दिवसभर टँकरवाल्यांचे फोन घेणं आणि ‘पाणवाट’वर फेऱ्या लावणं हे त्यांचं काम. संगणक त्यांना माधवरावांनीच शिकवला होता.

“आओ आओ मॅडम. पानी पिणार? आमच्याकडं तेवढं आहे.”

मी बसले आणि कामाला लागले. ओळखीच्या ठशांची यादी एका बाजूला, सलीमभाईंच्या संगणकावरच्या फाइली दुसऱ्या बाजूला. जुळली, बाजूला. जुळली, बाजूला. माधवराव मागे उभे होते आणि मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. शंभरेक फाइली गेल्या. शेवटी दोन उरल्या.

पहिली गावांच्या नावांची. ती मंडळानं स्वतः भरलेली असते, ती जुळत नाहीच, त्यात काही नाही.

दुसरी होती मुख्य फाइल. प्रोग्रामची पहिली फाइल, जिथून सगळं सुरू होतं.

एखाद्या मजकुराची, चित्राची फाइल असती तर निभावलं असतं. पण वाईट माणूस जिथे हात घालेल ती नेमकी हीच जागा. माधवराव खुर्चीत बसले. “संपलं,” एवढंच म्हणाले.

माझा फोन हातात होता. चिपळूणला दोन शब्द कळवायचे होते: मागे घ्या. बोटं तिथे पोचलीही होती. पण हाकलण्याआधी कुणाची आहे हे तरी विचारावं, असं मला वाटलं, आणि ते कुठून आलं ते तुम्हाला सांगायला नको.

“सलीमभाई,” मी विचारलं, “या फाइलीला कोणी हात लावला होता का?”

“हौ,” सलीमभाई आनंदानं म्हणाले. “मीच की!”



“तुम्ही?” माधवराव उठले. “तुम्ही काय केलंत त्यात?”

“साहेब, वाईट काय नाही केलं. ते आपले शेठजी आहेत ना, मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्याकडं कुठलीपण नवी वही आली की पहिल्या पानावर सगळ्यात वर ‘श्री’ लिहायचं. त्याच्याशिवाय वहीला हातच लावत नाहीत. टँकरचं रजिस्टर बंद झालं आणि हे मशीनवर आलं, तर ते रोज मला म्हणायचे, सलीम, ह्याच्यावर श्री कुठं आहे? मी म्हटलं शेठजी, मशीन आहे. ते म्हणाले मशीन असो नाहीतर मोटार, श्री पाहिजे. मग मी पाहिलं सगळ्यात पहिली फाइल कोणती, ती उघडली आणि सगळ्यात वर लिहून टाकलं.”

मी फाइल उघडली. पहिली ओळ. एक जाळीचं चिन्ह, दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांचं, आणि त्यापुढे:

श्री

खाली सगळं जसंच्या तसं. मी माधवरावांच्या मूळ फाइलीशी ओळ न् ओळ लावून पाहिली. बाकी एक टिंबही बदललेलं नव्हतं.

“आणि हे आधीचं जाळीचं चिन्ह?” मी विचारलं.

“ते तर साहेबांनी शिकवलं,” सलीमभाई अभिमानानं म्हणाले. “जाळी लावली की मशीन ती ओळ वाचत नाही, माणसासाठी सोडून देतं. मी म्हटलं, श्री शेठजींसाठी आहे, मशीनला कशाला त्रास?”

मी हसायला लागले ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं, त्या पाणीटंचाईच्या तालुक्यात. माधवराव मात्र रडावं की ओरडावं हे ठरवत उभे होते. त्यांनी ओरडायचं ठरवलं.

“अहो सलीमभाई! आठ दिवस झोपलो नाही मी! माझी किल्ली जाणार होती! चोर शिरला म्हणून ही बाई समुद्रापासून आलीय इथं!”

“साहेब, मला काय माहीत?” सलीमभाई दुखावले. “तुमच्या घरी आलो होतो तेव्हा वहिनींनी गॅसच्या पुस्तकावरपण श्री लिहिलेलं मी बघितलंय. मला वाटलं तुम्ही खूश होणार.”

माधवराव एकदम सलीमभाईंच्या खांद्यावर हात ठेवून तेही हसायला लागले. हसता हसता भिंतीला टेकले. माणसाच्या अंगावरचं ओझं उतरताना दिसतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. त्यांची उंची दोन बोटं वाढली.

पण प्रश्न राहिलाच होता. नवी आवृत्ती आली की सलीमभाई पुन्हा ती फाइल उघडणार, शेठजींसाठी पुन्हा श्री लिहिणार, आणि आमच्याकडे पुन्हा लाल अक्षरं.

“नव्यात मग श्री नाही टाकायचं?” सलीमभाईंनी काळजीनं विचारलं. “शेठजी ऐकणार नाहीत.”

मी राखणदाराच्या आवाजात सांगितलं, “मोहोर उठल्यानंतर कोणीही, कशासाठीही, एक अक्षरही घालायचं नाही. ज्याला काय घालायचं ते लेखकानं मोहोरेच्या आधी घालायचं.”

माधवरावांनी माझ्याकडे पाहिलं. “आधी चालेल?”

“आधी तुमची फाइल आहे. श्री लिहा नाहीतर आरती.”

“टाकतो,” ते म्हणाले. “मीच टाकतो. जाळी लावून. मग ते ठशातच येईल.”

किल्ली घराबाहेर जात नाही, त्यामुळे माधवराव लगेच गाडी घेऊन उस्मानपुऱ्याकडे परत निघाले. मी मागे राहिले, कारण नवी प्रत सिल्लोडला उतरवून तिचा ठसा त्यांच्या तोंडून ऐकून पडताळायचा होता. लेखक एका टोकाला, राखणदार दुसऱ्या, आणि मधल्या तारेवर विश्वास नाही, अशी आमची पद्धत.

तोवर सलीमभाईंनी मला घरी जेवायला नेलं. त्यांच्या बेगमनं मक्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. माझ्या हसण्याचं कारण त्यांना कळलं, तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या, “तरी मैं बोली थी, दुसऱ्याच्या चीजेला बिना पूछे हात नक्को लावू.” आणि मला दुसरी भाकरी वाढली. सलीमभाई मान खाली घालून भरीत खात होते. त्या घरात कोणाचा नियम चालतो हे मला कळलं.

दुपार कलताना फोन वाजला. “आंघोळ करून बसलोय,” माधवराव म्हणाले. “मोहोर उठवली. उतरवून घ्या.”

आम्ही प्रत उतरवली. पडद्यावर नवा ठसा आला.

“सांगा,” मी म्हटलं.

आता इथे एक गंमत झाली. फोनवर लांबच लांब ओळ वाचताना माणूस एखादी जोडी गाळतो किंवा दोनदा वाचतो, हे आमचं नेहमीचं दुखणं. माधवरावांनी पहिलं वाचलं: “सात एफ, शून्य तीन.” मग: “शून्य तीन, बी नऊ.” मग: “बी नऊ, चार चार.” मग: “चार चार, डी एक.”

“अहो, परत परत काय वाचताय?” मी ओरडले.

“ताई, हा क्रमपाठ आहे. आजोबा वेद असेच म्हणायचे. प्रत्येक शब्द मागच्याशी बांधून घ्यायचा, पुढच्याशी बांधून घ्यायचा. एकही गळत नाही. तुम्ही ऐका फक्त.”

आणि ते वाचत राहिले, चढ-उतारासह, अगदी सुरात. आडतीच्या मागच्या त्या खोलीत, मक्याच्या पोत्यांमध्ये, चौसष्ट अक्षरांचं पठण चाललं होतं. सलीमभाई पडद्यावर बोट ठेवून प्रत्येक जोडीला “बराबर… बराबर…” म्हणत होते, जणू कव्वालीत साथ देताहेत. दोन हमाल पोती टाकून दारात येऊन उभे राहिले. शेवटची जोडी झाली. “बराबर!” सलीमभाईंनी दोन्ही हात वर केले. हमालांनी काही न कळता टाळ्या वाजवल्या.

मी चिपळूणला कळवलं: खरी आहे, सोडा.

मग सलीमभाईंनी नवी ‘पाणवाट’ सुरू केली. पडद्यावर आमचा निरोप आला: ओळखीची प्रत. त्यांनी शेठजींना हाक मारली, पहिली फाइल दाखवली. शेठजींनी चष्मा लावून श्री पाहिला, “हं, आता कसं,” म्हणाले आणि निघून गेले. मग नवा रकाना उघडून सलीमभाईंनी वस्तीचं नाव टाइप केलं. एकेक अक्षर, जपून. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली फेरी.

वस्ती

त्या रात्री मी सिल्लोडलाच राहिले आणि सकाळी टँकरच्या पुढच्या सीटवर बसून निघाले. चालकानं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं, पण मंडळाची पाहुणी म्हणून बसू दिलं. वेरूळला जायचा दिवस तोच होता. मी तो विनातक्रार खर्च केला.

वस्तीवर बातमी आधीच पोचली होती. पिंप, हंडे, घागरी, एका घरचं तर लग्नातलं पितळी घंगाळ, सगळं रांगेत. गोदाबाई रांगेच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी. टँकर थांबला तरी ती हलली नाही. जुना अनुभव होता तिला. टँकर थांबतो, चालक पत्ता विचारतो आणि पुढे जातो.

चालकानं खिशातून छापील चिठ्ठी काढली. “कुठं खाली करायचं आहे?”

“ते तूच सांग,” गोदाबाई म्हणाली. “कुनाचं नाव हाय त्येच्यावर?”

त्यानं चिठ्ठी तिच्याकडे केली. तिनं ती घेतली, उलटीसुलटी केली आणि माझ्या हातात दिली. “ताय, तुमी वाचा.”

मी वाचलं. वस्तीचं नाव. त्याच्या आधी कुठलं गाव नाही, नंतर कुठलं गाव नाही. फक्त तिचं नाव आणि पहिली फेरी.

“परत वाचा.”

मी परत वाचलं. जरा मोठ्यानं, नाटकी आवाजात, मागच्या बायांनाही ऐकू जाईल असं. एक म्हातारी खाली बसली.

गोदाबाईनं चिठ्ठी माझ्या हातातून काढून घेतली, घडी करून कनवटीला खोचली, आणि चालकाकडे वळून ओरडली, “मंग बगतोस काय हुभा? नाव हाय नव्हं आमचं? लाव की नळी!”